रेशमी झग्यातला वैद्य आणि आमचं पित्त

पुण्यातल्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं मध्ययुगीन इंग्रजी कविता शिकवली. त्या कवितांमधले वैद्य माझे लाडके. अंगावर रेशमी झगा, तोंडात जुन्या ग्रंथकारांची नावं, औषध देण्याआधी ग्रहांकडे नजर आणि औषधं विकणाऱ्याशी आतून संगनमत. कवी त्यांची स्तुती करतो आणि करता करता अलगद टोपी उडवतो. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव असतात, त्यांचा तोल गेला की माणूस आजारी पडतो, हे त्यांचं शास्त्र. इंग्रज संपादक यावर लांबलचक टिपा देतात. माझ्या वर्गात कधी टीप लागली नाही. पित्त खवळतं म्हणजे काय हे मुलं घरूनच शिकून यायची.

आमच्या घरी तर विचारायलाच नको. यांचं डोकं दुखलं, पित्त. झोप लागली नाही, पित्त. जन्मभर इंजिनिअर म्हणून काम केलेला माणूस, पण स्वतःचं निदान कायम तयार. निवृत्तीनंतर आम्ही परदेशी, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात लेकीकडे राहायला आलो, तेव्हा पित्तावर म्हणून घेतलेली, विमानतळावर कस्टम्सला दाखवून सोडवलेली आमसुलंही यांच्याच बॅगेत होती.

इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. तिथून दूध आणायचं काम यांचं. परतीच्या चढावर हे मध्येच थांबायला लागले. लोकांच्या बागेतली फुलं बघतोय, असं दाखवायचे. फुलांशी यांचा उभ्या आयुष्यात संबंध नव्हता. मला भीती वाटायला लागली, म्हणून लेकीच्या मागे लागून मी डॉक्टरची वेळ घ्यायला लावली.

"बाबा, थर्सडेची अपॉइंटमेंट मिळालीय."

"त्या दिवशी अमावास्या आहे," हे म्हणाले. रेशमी झग्यातल्या वैद्याशी यांचं छान जमलं असतं. मी ऐकलं नाही, अमावास्येलाच घेऊन गेले.

डॉक्टर स्वतः बाहेर आला, 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार केला आणि यांना सरळ पहिल्या नावाने हाक मारली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात स्निकर्स. "हा डॉक्टर? हा तर टेनिसला निघालाय," हे माझ्या कानात कुजबुजले.

आत बसल्यावर यांनी जाहीर केलं, "ॲसिडिटी, डॉक्टर. हीप्स ऑफ ॲसिडिटी." 'हीप्स' म्हणजे ढीगभर, हे नातवाकडून शिकलेलं. डॉक्टर हसला आणि टाइप करायला लागला. तिखट खाता का, जेवण उशिरा होतं का, असं तो विचारत होता आणि हे सगळ्याला मान डोलवत होते. आपल्या लोकांची ही खोडच आहे. डॉक्टरला दुखणं सांगायचं नाही, दुखण्याचं नाव सांगून मोकळं व्हायचं. आता आम्लपित्ताच्या गोळ्या मिळणार आणि आम्ही घरी जाणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की त्या कवितांमध्ये वैद्याचे कपडे आहेत, पुस्तकं आहेत, हाव आहे, पण मी शिकवलेल्या एकाही ओळीत रोगी बोलत नाही. इथे रोगी समोर बसला होता आणि तोही बोलत नव्हता. मला रागच आला.

"अहो, नाव नका सांगू. चढावर काय होतं ते सांगा."

"काही नाही गं."

"मग फुलं बघायला का थांबता?"

यांनी हात छातीवर ठेवला. मग मराठीतच म्हणाले, "छातीवर दाब येतो. डाव्या हातात उतरतो. थांबलं की जातो."

मी ते इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरने कीबोर्डवरचे हात काढले आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. लगेच ईसीजी काढला, आणि थोड्या वेळाने दारात ॲम्ब्युलन्स उभी होती.

हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. हॉस्पिटलमध्ये ती उघडून स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी हे उशीला टेकून बसले होते. लेक कॉफी आणायला गेली होती, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला खरंच पित्त वाटत होतं?"

"नाही."

"मग?"

"हार्ट म्हटलं असतं तर तू घाबरली असतीस. पित्त म्हटलं की गार दूध द्यायचीस आणि निवांत झोपायचीस."

मी झोपत नव्हते. यांचा डोळा लागला की श्वास ऐकत पडायचे. हे घाबरतील म्हणून मीही बोलले नव्हते. यांचा हात हातात घेऊन मी ते तिथेच सांगून टाकलं.