रिप्लाय देणारा नवरदेव

समस्त जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सुगंधी केशतेलाचा वास आला की मला आजही 'रिप्लाय' हाच शब्द आठवतो. बहात्तरच्या सुमारास भिंगारचा एक कारकून राहात्याला मला बघायला आला. तेल पार कानावर ओघळलेलं. पोहे चापून, मला चालायला लावून तो वडिलांना म्हणाला, "रिप्लाय महिन्याभराने देऊ. अजून मुली बघायच्यात." वडील गोंधळले, तशी मान उडवून म्हणाला, "उत्तर कोणीही देतं हो, रिप्लाय ऑफिसातून जातो!" वडिलांनी त्या तेलकट डोक्यापुढे हात जोडले आणि माझा तोल सुटला. "आबा, हात खाली घ्या! अन् पाव्हनं, महिनाभर कशाला थांबता? माझा रिप्लाय आत्ताच घेऊन जा: 'न्हाई!'"