ब्रेकवरचा पाय

"थांबता येते ना? मग निघायला हरकत नाय."

टॅक्सीत बसल्यावर काका आधी चपला काढून सीटखाली सारायचे, अनवाणी पायाने ब्रेक तीनदा दाबायचे आणि हे वाक्य म्हणायचे. कोणाला उद्देशून, ते आम्हा उतारूंना कधी कळले नाही. मागे बसलेला माणूस कितीही चुळबुळ करो, तीनदा म्हणजे तीनदा. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो दाराला कुलूप लावून निघतो आणि वाटेतून परत येऊन ते ओढून बघतो. काका त्यातले.

साठ सालाच्या आगेमागे मी डहाणूच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि किनाऱ्याजवळ त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. त्यांच्या भावांच्या होड्या होत्या. ह्यांना मात्र लहानपणापासून होडी लागायची. मच्छीमाराच्या घरात हे दुःख कोणापाशी बोलायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली आणि टॅक्सी म्हणून स्टेशनापासून तलासरीपर्यंत फिरवायला लागले. गाडी अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या शेजारी उभी असायची. त्यामुळे तिच्यातून उतरलेला माणूस कुठून आला हे दिवसभर कोणाला विचारावे लागत नसे.

गाडीत स्टिअरिंगजवळ त्यांनी स्वतःच्या हाताने एक लाल दिवा बसवला होता. त्यालाही कारण घडले होते. महालक्ष्मीच्या जत्रेचे उतारू घेऊन विवळवेढ्याला निघाले, ते हँडब्रेक ओढलेलाच ठेवून. अर्ध्या वाटेत मागच्या चाकांतून धूर यायला लागला. "देवी कोपली," म्हणत उतारू उतरले आणि पुढे चालत गेले. त्यानंतर काकांनी हा दिवा केला. हँडब्रेक वर असला की दिवा लागायचा; दांडा पूर्ण खाली बसला की बुडाशी असलेली पितळी पट्टी दाबली जाऊन तो विझायचा. दिवा लाल असेल तर गाडी हलणार नाही, मग मागे मामलेदार का बसलेला असेना.

गाडीची सगळी दुरुस्ती घरीच. खाऱ्या हवेने तारा हिरव्या पडायच्या, नट गंजायचे, आणि ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पायाखाली भुसभुशीत लागायचे. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने खाली झोपून चाकामागची तोटी सैल करायची, हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायची. तोटी उघडी असताना वरचा पाय उचलला गेला तर हवा परत आत. म्हणून काका पायाच्या बाबतीत फार चोखंदळ होते. काकूंचा पाय उतावळा. थोरल्या भावाचा पाय होडीतला, एका जागी ठरायचा नाही. एकच पाय मंजूर होता, लेकीचा.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

"सोड."

रविवारी सकाळी माझ्या खिडकीतून एवढेच ऐकू यायचे. बापलेकीचे ह्याहून वेगळे बोलणे मी फारसे ऐकले नाही.

लेकीचे लग्न तलासरीला सुक्या मासळीचा धंदा करणाऱ्या घरात ठरले. लग्न अंगणातच लागले, जेवणे उरकली. पाठवणी काकांच्या टॅक्सीतून. नवरा-नवरी मागे बसली. काकांनी चपला काढल्या, हँडब्रेक खाली केला. दिवा लालच.

"अहो, दिवाच तो," नवऱ्याचा मामा म्हणाला. "चला की. उजेडात पोचायला पायजे."

"लाल हाय," काका म्हणाले आणि नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले.

तलासरीच्या वाटेवर अच्छाडच्या बाजूने ट्रक कसे सुसाट येतात हे त्यांना ठाऊक होते. लेक मागे बसलेली असताना ते अंदाजाने निघणार नव्हते. त्यांनी तारेची हिरवी टोके घासली. दिवा लालच. मग हँडब्रेकची केबल कुठे अडकली का ते पाहायला मागच्या चाकाकडे सरकले. इकडे नवरीच पुढे वाकली, दांड्याच्या बुडाशी चाचपले आणि ओरडली, "बाबा, इथे हळकुंड हाय!"

मंगलकार्य म्हणून काकूंनी गाडीलाही हळकुंड बांधले होते, आणि कोणाच्या पायात येऊ नये म्हणून नेमके त्या पट्टीपाशी. नवरीने ते सोडवले, दांडा खाली बसला, दिवा विझला. सगळे वऱ्हाड हसले. काकू सर्वांत मोठ्याने हसल्या.

काका बाहेर आले ते बोट हुंगत. "दिवा हळकुंडाचा होता. पण मागचा चाक आतून ओला हाय. ब्रेकचा तेल गळते."

मामाने कपाळाला हात लावला. काकांनी चाक काढले, आतले फाटलेले रबर बदलले. तसले रबर घरात असायचेच. आता राहिली हवा. काकू पुढे झाल्या, तेव्हा काकांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. नवरी मागच्या सीटवरून उतरली आणि शालू खोचून पुढे जाऊन बसली. बॉनेटखालच्या डबीत ब्रेकचे तेल ओतायचे काम माझ्याकडे आले.

"दाब."

पेडलवर टक् असा आवाज झाला. तिच्या पायातल्या जोडव्यांचा. इतकी वर्षे त्या पेडलवर तिचा पाय पडायचा तो बिनआवाजाचा.

खालून पुढचा शब्द आला नाही.

"बाबा, दाबलाय. धरू ना?"

गाडीखालून त्यांची पावले तेवढी दिसत होती, अगदी स्थिर. माझ्या हातून तेल थोडे बाहेर सांडले.

"मी धरून हाय, बाबा. तुमचा होऊ दे सावकाश."

"हां," खालून आवाज आला. "धर."

खरे तर एका चाकाने भागले असते. काकांनी चारही चाकांची हवा काढली. मामानेही मग घाई केली नाही. निघताना काकांनी ब्रेक तीनदा दाबला, पण ते वाक्य मात्र म्हटले नाही.

काका आता नाहीत. गाडी रानशेतच्या कोणीतरी घेतली, लाल दिव्यासकट. मला आठवतो तो त्या लग्नानंतरचा एक रविवार. काका माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. बराच वेळ हवापाण्याचे बोलले आणि मग म्हणाले, "बाई, जरा पाय द्याल का?"

मी चपला काढून गाडीत बसले.

"दाबा, बाई."

"दाबला."

"धरा."

दोन चाके झाली. तिसऱ्याला नट गंजलेला होता, वेळ लागत होता. काका स्वतःशी काहीतरी पुटपुटत पाना फिरवत होते.

"धर हां, पोरी," खालून आवाज आला.

"धरलाय" म्हटले असते तर त्यांना माझा आवाज ऐकू आला असता. पेडल तेवढे घट्ट दाबून धरले.