काकीचा दुसरा आठवडा

एक साधा प्रश्न विचारते. उत्तर देताना कुणाच्या पदाकडे बघू नका. एक माणूस म्हणतो, "मी सांगतो तसं बहुतेक होईल, पण चुकूही शकेन." दुसरा म्हणतो, "शंभर टक्के होणार, खात्री बाळगा," आणि वर्षामागून वर्षं जातात तरी काहीच होत नाही. यातल्या कुणावर तुम्ही विश्वास ठेवता? आणि मत कुणाला देता? माझ्या काकीने आपला सगळा विश्वास पहिल्याच्या पदरात टाकलेला आहे. हा पहिला म्हणजे हवामानखात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज. कुठल्या आठवड्यात ऊन सरासरीपेक्षा जास्त, कुठल्या आठवड्यात पाऊस सरासरीपेक्षा कमी, हे रंगीत नकाशात सांगणारा. तो ज्यांनी बनवला त्यांच्या घरातसुद्धा या अंदाजावर काकीइतकं प्रेम करणारं माणूस सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, आणि गावाच्या नात्याने सगळ्यांचीच काकी. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ती मासे सुकवून विकते. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस हा तिचा खरा हंगाम. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा आतल्या गावांतल्या भातशेतीवाल्यांच्या जेवणात जे खारे बांगडे आणि जो गोलमो, म्हणजे बारीक सुकट, असतो, ते सगळं मे महिन्यात आमच्या सुरूच्या बनापलीकडच्या रेताड जागेवर वाळलेलं असतं. या जागेला आम्ही सुकवणी म्हणतो. ती कुणा एकीची नाही. जागा लहान आणि घरं जास्त, म्हणून तिथे पाळ्या आहेत. आज या चार घरांनी जुनी जाळी अंथरून मासे पसरायचे, उद्या त्या चार घरांनी. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्या बाईशी सबंध पावसाळाभर कुणी बोलत नाही. वाळत आलेल्या माशांवर एक सर पडली की आठवड्याची मेहनत माडांच्या खतात जाते. त्यामुळे काकीला आभाळाची जेवढी काळजी, तेवढी मंत्र्यांना खुर्चीचीही नसेल.

गेल्या उन्हाळ्यात मात्र तिला आभाळाखेरीज दुसरी काळजी लागली. पंचायतीने सुकवणीवर पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचा ठराव केला. रेती सपाट करून वर काँक्रीट. बायकांना सांगितलं, यंदाची सुकवणी आटपल्याशिवाय कामाला हात लागणार नाही आणि पुढे पर्यायी जागा मिळेल. कुठे मिळेल हे कुणी सांगितलं नाही. काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ गाड्या उभ्या राहिल्यावर काकी मासे कुठे पसरणार, टपावर?

पण तो प्रसंग पुढे. आधी गुरुवारबद्दल सांगायला हवं, कारण अंदाज गुरुवारी येतो. त्या संध्याकाळी काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, पाट टाकून बसते आणि मला हाक मारते. एरवी सुरमईचे काटे काढतानाही न लागणारा चष्मा त्या वेळी नाकावर चढतो. "गो बाय, रंग सांग," ती म्हणते. मी फोनवरचा नकाशा तिच्यापुढे धरते. पहिल्या दोन आठवड्यांवर तिचा विश्वास पक्का. तिसरा आठवडा ती ऐकून घेते. चौथ्याबद्दल तिचं मत असं, की "चौथो आठवडो म्हणजे लग्नाक येतंय म्हणान सांगून गेलेलो पावणो. पान मांडूचा, पण वाट बघूची नाय." तिचं त्या नकाशाशी भांडणही होतं. सगळ्या कोकणाला एकच रंग दिलेला दिसला की ती भडकते. "देवगडाक आणि आमका एकच रंग? त्येंच्या हापुसाचो आणि माझ्या गोलम्याचो संबंध काय?" मी सांगते, काकी, हा अंदाज मोठ्या भागासाठी असतो. ती म्हणते, "मोठ्या भागाक मासे सुकवूचे नसतत. माका सुकवूचे आसत."

या अंदाजाने काकीची भाषाच बदलून टाकली. "सरासरी" आणि "शक्यता" हे दोन शब्द तिने हवामानखात्याकडून उचलले आणि साऱ्या संसाराला लावले. काका सकाळी चहावरून कुरकुरले की ती शेजारणीला कुंपणावरून कळवते, "आज ह्येंचा तापमान सरासरीपेक्षा जास्त. दुपारनंतर घट होऊची शक्यता." माझ्या मावसबहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा कसा वाटला म्हणून सगळ्यांनी विचारलं. काकीने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "टिकूची शक्यता मध्यम." त्याच मुलाच्या घरी, नांदगावला, लग्न झालं. मुहूर्त भटजींनी काढला होता, पण मांडवावर ताडपत्री हवीच असा काकीचा हट्ट, कारण त्या आठवड्याचा रंग हिरवा, म्हणजे जास्त पावसाचा, होता. पाऊस पडला नाही. ताडपत्रीखाली वऱ्हाड वाफेवरच्या मोदकांसारखं उकडून निघालं. नवऱ्याचा मामा घाम पुसत म्हणाला, "काय ओ काकी, खंय गेलो तुमचो पाऊस?" काकी जराही ओशाळली नाही. "पडतलोच म्हणान कोणी सांगल्यान? शक्यता आसा म्हणान सांगल्यान. तुमी आयुष्यात एकदा तरी असा खरा बोललास काय ओ?"

हे तिचं खरं तत्त्व. अंदाज चुकला याचा तिला राग येत नाही. तिला राग येतो तो खात्रीने बोलणाऱ्यांचा. वीज गेली आणि कार्यालयातून "दहा मिनिटांत येईल" असं उत्तर आलं, की ती माझ्या हातातून फोन घेऊन विचारते, "दहा मिनटात येऊची शक्यता किती टक्के?" पलीकडचा माणूस फोन ठेवतो. दवाखान्यात तिच्या गुडघ्याकडे न बघताच डॉक्टर म्हणाले, "बऱ्या व्हाल हो आजी." त्यांनाही तिने हाच प्रश्न केला. माझ्या मते हा प्रश्न या देशातल्या प्रत्येक कार्यालयाच्या दारावर रंगवायला हवा.

तर त्या मे महिन्यातला तो गुरुवार. मी वाचून दाखवलं, "पहिला आठवडा: तापमान सरासरीपेक्षा जास्त, पाऊस नाही. दुसरा आठवडा: पाऊस सरासरीपेक्षा जास्त." काकीने चष्मा काढला, पदर खोचला आणि वाडीत निघाली. दारोदार जाऊन तिने सांगितलं, "सोमवारचो बाजार झालो की पाऊस. मंगळवारपासून सुको दिवस नाय. काय सुकवूचा ता आताच सुकवा." मी मागून ओरडत होते, काकी, सोमवार कुठून काढलास? पण वाडीत तोपर्यंत पळापळ सुरू झाली होती.

शनिवारी सकाळी सुकवणीवर जे दृश्य होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पाळी कुणाची आहे हे विचारायलाही कुणाला सवड नव्हती. वाडीतली सगळी घरं एकदमच उतरली होती. जाळ्याला जाळं भिडलेलं. त्यावर बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, मोरी माशाचे तुकडे आणि गुलाबी गोलम्याचे चौकोन. कडेला कोकमाची सोलं, पापड, आणि कुणी तर उशाही वाळत टाकलेल्या. पाळीवरून भांडायला बायका तयारच होत्या, पण भांडायला उभं राहायलाही जागा नव्हती. वर कावळ्यांची वेगळी ग्रामसभा भरलेली.

आणि तेवढ्यात सुरूच्या बनातून जेसीबी आला.

कारण ठेकेदारानेही तोच अंदाज वाचला होता. पुढच्या आठवड्यात पाऊस, म्हणजे काँक्रीट आत्ताच ओतायला हवं. बायकांना दिलेला शब्द त्याच्या हिशेबात नव्हता. पाळीप्रमाणे चार घरांच्या बायका असतील, त्यांना बाजूला करू, असं त्याने धरलं होतं. चालक बिचारा घाटावरचा. त्याने खाली उतरून सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, चाक ठेवू कुठं?"

"माझ्या डोक्यार ठेव," काकी म्हणाली आणि जेसीबीच्या पुढ्यात, दोन जाळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, बसकण मारून बसली. तिच्या बाजूला शेजारीण बसली, तिच्या बाजूला तिची सून. मीही बसले. खालून रेती भाजत होती आणि समोरून बांगड्यांचा वास येत होता.

सरपंच मोटारसायकलवरून आला. हा आमच्याच वाडीतला, लहानपणी काकीच्या घरी जेवलेला. घरी तो मालवणीतच बोलतो, पण ठराव बोलायचा असला की त्याची भाषा इस्त्री करून येते. "काकी, हे बरं नव्हे. हा विकास आहे. तुम्हाला पर्यायी जागा शंभर टक्के देणार आहोत."

"आमच्या भाषेत बोल रे मेल्या. तू शुद्ध बोललंस की माका भय वाटता, आता काय तरी जातला म्हणान. जागा खंय देतलंस?"

"देणार म्हटलं ना."

"खंय?"

"ती बघून ठरवू."

"कधी?"

"लवकरच."

"शक्यता किती?"

बायका हसल्या. सरपंच हसला नाही. काकीही हसली नाही. ती म्हणाली, "तो हवामानवालो. त्याना माका कधी बघूक नाय. माझ्या हातचा कधी खावक नाय. तरी तो माका सांगता, बाय, इतकी शक्यता आसा, मी चुकाक पण शकतंय. आणि तू माझ्या घरात बांगडे खाऊन मोठो झालंस, आणि माका 'लवकरच' सांगतंस? आमची सुकवणी होईसर हात लावचो नाय म्हणान तूच सांगललंस मां? बघ, सुकवणी झाली काय ती. नीट बघ."

सरपंचाने बघितलं. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्याच्या आईचे बांगडे पहिल्याच रांगेत होते. तो मान वळवून मालवणीत चालकाला म्हणाला, "फाटी फिर रे बाबा." चालकाला मालवणी कळली नाही, पण अर्थ कळला.

आता खरी गंमत. मंगळवार आला आणि कडक ऊन. बुधवारीही तेच. घाईघाईने मासे उचलून बसलेल्या बायका काकीच्या खळ्यात जमल्या. "काकी, आमची पाळी मोडलंस, दोन रात्री झोपाक दिलंस नाय, आणि खंय आसा तुझो पाऊस?" मी फोन उघडला आणि घोटाळा कळला. हवामानखात्याचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. काकीचा आठवडा बाजाराला संपतो. आमच्याकडे बाजार सोमवारी, म्हणून तिच्या लेखी पहिला आठवडा सोमवारीच मोडला आणि मंगळवारी दुसरा लागला. मी समजावून सांगितलं. सगळ्या बायका काकीकडे बघत राहिल्या.

"शुक्रवारी कोणाचो आठवडो सुरू होता?" काकी म्हणाली. "बाजारापासून बाजारापर्यंत आठवडो. माझ्या आजयेपासून तसोच आसा. त्येंका कळव, आठवडो सुधारा म्हणान." मग जमलेल्या बायकांकडे वळून तिने विचारलं, "आणि तुमी कसल्या रागावतास? मासे वाळले मां? जागा आसा मां?" बायकांनी चहा घेतला आणि पाळी मोडल्याचा राग काकीला सोडून एकमेकींवर काढला.

पाऊस त्याच आठवड्याअखेर आला, धो धो. हवामानखातं बरोबर होतं आणि काकी चुकली होती. पण ती बरोबर असती, तर गुरुवारपर्यंत सवड आहे म्हणून शनिवारी सुकवणीवर नेहमीच्या चार घरांच्याच बायका असत्या, आणि आज तिथे काँक्रीट असतं. चुकूनही जो माणूस दुसऱ्यांच्या बाजूने चुकतो, त्याच्या चुका मला प्रिय आहेत. अचूक ठराव करणारे खूप बघितले.

मासे उचलले तोवर काँक्रीटला पुरतील इतके कोरडे दिवस उरले नव्हते, आणि पावसामुळे पार्किंग तेवढ्यापुरतं टळलं. रद्द झालं नाही. ठराव तसाच आहे, आणि येत्या ग्रामसभेत तो पुन्हा येणार असं ऐकते. काकी मात्र सध्या इथे नाही. गुडघ्याने हट्ट धरला, तेव्हा मुलीने तिला कुडाळला नेलं. तिथे तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली कारखान्यांकडे जाणारा रस्ता. मी भेटायला गेले तर गॅलरीत दोरीवर कपडे वाळत होते आणि ती त्यांच्याकडे बघत बसली होती. मी न विचारताच फोन काढला आणि रंग सांगितले. तिने ऐकून घेतलं, पण देवगडवरून भांडली नाही. "हयसर पडलो काय आणि नाय पडलो काय," ती म्हणाली, "कोणाचा काय भिजता गो?" मी निघाले तेव्हा तिने माझा हात धरला. "माका जिनो उतराक जमूचा नाय. ग्रामसभेक तू जा. पण एकटी जाव नको."

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्याही गावात अशी एखादी उघडी जागा असेल, जिथे मासे, सोलं, मिरच्या, पापड, काहीतरी वाळतं आणि जी कुणा एकाच्या नावावर नाही. पुढच्या ग्रामसभेला जा. शहरात राहत असाल तर गावातल्या आईला, वहिनीला, शेजारणीला फोन करून जायला सांगा. मागच्या खुर्चीवर बसू नका. हात वर करा, उभे राहा, आणि ती जागा वाळवणासाठी राखून ठेवल्याचा ठराव त्याच बैठकीत मंजूर करून घ्या. "लवकरच" असं उत्तर मिळालं तर खाली बसू नका.