गुडघाभर पाणी

आमच्या शेजारच्या बाई मेलेल्या माणसांच्या मागे जितक्या धावल्या, तितकं जिवंतांच्या मागेही कुणी धावलं नसेल. बल्लारपुरात त्या चरित्रं लिहितात, म्हणजे लिहितात कमी आणि फिरतात जास्त. चहा उभ्यानं पितात. तेरवीला न बोलावता जातात, कारण तिथं म्हातारी माणसं एका जागी सापडतात. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या आजोबांना गाठलं, "तुमच्या आजाले देवी कोनत्या साली आल्या होत्या?" आजोबांच्या अक्षता हातातच राहिल्या.

बाई वाढल्या एका लहानशा पंथात. पंथाचे बाबा भर पुरात वैनगंगा चालत उतरले आणि पाणी त्यांना गुडघाभरच लागलं, हे त्या बोलायला लागल्यापासून म्हणत आलेल्या. चरित्र लिहायला घेतलं तेही बाबांचंच. एका सकाळी दार वाजलं.

"भाऊ, गाडी काढा. एटापल्लीले जायचं हाय."

"आत्ता? काऊन?"

"बाबाले नदी उतरताना पाहिलेली एक म्हातारी हाय तिथी. ते मेली तर मी काय करू?"

म्हातारी चांगली ठणठणीत निघाली. "चालत? माहा बाप नावाडी होता, त्याच्या डोंग्यात बसून गेले बाबा! मी होती न डोंग्यात."

परतताना बाईंनी डोंग्याची ओळ वहीत उतरवून घेतली. बाबांच्या गोष्टीत फरक केला की पंथातून नाव कापतात, आणि नाव कापलेल्याला पंथातलं कुणी घरात घेत नाही. नदीकाठच्या गावी राहणारी बाईंची आई पंथातलीच. मी म्हटलं, "बाई, ते एक ओळ गाळा. कोनाले समजते?"

"मले समजते न, भाऊ."

ओळ छापली. नाव कापलं गेलं.

पुस्तक आईकडे मीच नेलं. तिला वाचता येत नाही, म्हणून ते पान वाचून दाखवलं. आई म्हणाली, "डोंग्यात बसून गेले? बरं झालं माय. मले लहानपनापासून काळजी वाटे, एवढ्या थंड पान्यात पाय किती गारठले असतीन."

मला वाटलं, जमलं! पण निघताना ती दाराशी येऊन म्हणाली, "तिले सांगा, घरात नको येऊ. आंगनात जेवून जात जाय."

आता दर रविवारी मी बाईंना तिथं सोडतो. बाई अंगणात, आई उंबरठ्याच्या आत, दोघी एकाच वेळी जेवतात. मधेच आई विचारते, "भात लागते का?" आणि वाटी उंबरठ्यापर्यंत सरकवते. पोट भरलेलं असलं तरी बाई हो म्हणतात.