आधीच टिक केलेले चौकोन

मैत्रिणींनो, आठवतं? पाचगणीच्या वसतिगृहात ताटात वाढलेल्याला नाही म्हणणं आपल्याला कधी जमलंच नाही.

आज आपले शाळेतले फोटो उजळायला कॉम्प्युटरवर एक फुकट प्रोग्राम उतरवून घेत होते. सोबत ब्राउझर घ्या, अँटिव्हायरस घ्या, असा आग्रह चाललेला. मी "होय" दाबणारच होते. अशानेच जुना कॉम्प्युटर बंद पडून निम्मे फोटो गेले होते.

माधवनगरची माझी जाऊ ओरडली, "आवं आक्का, थांबा! कोथिंबिरीसंगं किडकी वांगी बी घेता व्हय?"

त्या जादा गोष्टींपुढचे आधीच टिक केलेले चौकोन तिने शांतपणे मोकळे केले. किती सहज "नाही" म्हणते ती!

उरलेले फोटो वाचले. नाटकातला शैलाने घ्यावा. लताचा तिच्या मुलीला पोचवा. गेलेल्या आईचा हसरा फोटो तिच्याकडे एकही नाही.