थर्मामीटरला चादर

कोऱ्या सोलापुरी चादरीचा खळीचा वास आला की सत्तरच्या दशकातली ती हिवाळी सकाळ आठवते. हवामानाचे एक मोठे अभ्यासक आमच्याकडे उतरले होते. रात्रीतून जमीन किती गार होते ते मोजायला त्यांनी अंगणात थर्मामीटर ठेवलं होतं, आणि सकाळच्याच गाडीनं परतायचं होतं. बघतात तर पारा उतरलेलाच नाही! "अरे, याच्यावर चादर कुणी घातली?" "मीच की सर! लई गारठा होता, बिचारं उघड्यावर पडलेलं." ते कपाळाला हात लावून पायरीवर बसले. रात्र फुकट गेली होती. मग एकदम खदखदून हसले. "वाया नाही गेली रे! धूर वाढला की त्यातल्या वायूंची पृथ्वीवरही अशीच चादर पडणार, उष्णता आतच कोंडणार." पुढं जन्मभर त्यांनी व्याख्यानांत माझीच चादर सांगितली म्हणे. हल्ली सोलापूर भाजून निघालं की बायको माझ्याकडंच बघते. मी म्हणतो, "ही चादर माझ्या एकट्याची नव्हे की!"