शनिवारची नखं
न्हाव्याची नखं काढायची नराणी दिसली की सोलापूरचं आमचं अंगण आठवतं. शनिवारी कुणाला नखं कापू न देणारी आई त्या शनिवारी मात्र आडवी आली नाही. वडिलांनी माझा ससा पंच्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला. "घट्ट धर, पण दाबू नगंस. नखातली लाल शीर दिसती न्हवं? तिच्या अलीकडंच कापायचं." सशाचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं. "भिऊ नगंस, मी हाय की," मी त्याच्या कानाशी म्हणत राहिले, आणि माझ्या भरवशावर तो निपचित पडून राहिला. शेवटचं नख कापलं तोच दारात वडिलांच्या गिरणीतल्या साहेबाचा टांगा थांबला. "त्यांच्या लेकीला ओरबाडाय नको," म्हणत वडिलांनी पंच्यासकट ससा उचलून टांग्यात नेऊन दिला. आता सून माझी नखं कापते. "हलू नका हं," ती मायेनं म्हणते, आणि मी आधी दाराकडं बघून घेते.